कुत्र्याने पाठ फाडलेली गावठी कोंबडी घरच्या घरी वाचवता येते का?

तुम्ही लिहिलंय की वाळपईजवळ तुमच्या परसातल्या तलंगीला कुत्र्याने धरलं, पाठीची कातडी तळहाताएवढी सोलून निघालीय, ती डोळे मिटून कोपऱ्यात बसलीय आणि घरच्यांनी जखमेत हळद भरलीय. वाचेल का? बहुतेक वाचेल. पाठीची जखम बघवत नाही, पण कोंबडीची कातडी आश्चर्य वाटावं इतकी भरून येते. आमच्याकडे डिचोलीत पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत. माझा अनुभव सांगतो, जखमेने मरतात त्याहून जास्त कोंबड्या धसक्याने, माश्यांनी आणि सोबतिणींच्या चोचींनी मरतात.

म्हणून आधी तिला घरात आणा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने चार-पाच मिनिटं दाबून धरा, मध्येमध्ये उचलून बघू नका. मग गोणपाट घातलेल्या डालग्यात किंवा खोक्यात, अंधारात, एकटीला ठेवा. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या वर असतं, त्यामुळे धसक्यात ती लवकर गारठते, पावसाळ्यात तर फारच. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली की काढा. तास-दोन तास तिला कुणी हात लावायचा नाही. पोरांना दाखवायला उचलणं, गावच्या राखणदार देवचाराला गाऱ्हाणं घालायला नेणं, सगळं नंतर. आणि चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि वाचली असती ती कोंबडी गुदमरून जाते. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

सावरली की जखम धुवा. आजच्या आजच. भोवतीची पिसं कातरीने कापा, उपटू नका, कातडी आणखी फाटते. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा मीठ घाला आणि सुई काढलेल्या सिरिंजने धार मारून सगळी हळद, माती, पिसं निघेपर्यंत धुवा. हळदीला माझा विरोध नाही, पण भुकटी सुकून वर खपली धरते आणि आत पू होतो. त्यापेक्षा पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतपत पातळ करून लावा. बधीर करणारी मलमं (बेन्झोकेनवाली) पक्ष्यांना घातक ठरू शकतात, ती नकोत. धरताना छाती आवळू नका. तिला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो.

पंखांखालीही पिसं ओली करून बघा. दातांची बारीक भोकं वरच्या फाटक्या कातडीपेक्षा धोक्याची, ती आतून सडतात. ती शिवू नका, उघडीच राहू द्या.

आता माश्या. जखमेच्या कडेला पांढरट, बारीक अंडी पुंजक्याने दिसली तर लगेच पुसून काढा, दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात. डालग्यावर मच्छरदाणी टाका. फिनेल किंवा रॉकेल ओतायचा सल्ला कुणीतरी देणारच, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दोन-तीन दिवसांनी मार लागलेली जागा हिरवी दिसेल. घाबरू नका. पक्ष्यांमध्ये मुका मार निळा-पिवळा न होता हिरवा होतो. वास येत नसेल, काळं पडत नसेल तर ते बरं होणंच आहे. शीटही हिरवीगार झाली तर मात्र ती खात नाहीये असं समजा. उकड्या तांदळाची मऊ पेज, उकडलेलं अंडं कुस्करून, असं द्या. (अंडं दिल्याने कोंबड्या अंडी फोडायला शिकतात हे खरं, पण सालीसकट दिलं तर. साल काढून द्या.)

वास येऊ लागला, कातडीखाली हवा भरून फुगली किंवा दुसऱ्या दिवशीही उभी राहिली नाही तर सरकारी गुरांच्या दवाखान्यात न्या, कोंबड्यांनाही बघतात. प्रतिजैविक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या. अंदाजाने माणसांच्या गोळ्या देऊ नका. पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर मी खटाटोप करणार नाही, तिचे हाल थांबवणंच बरं.

पाठीवर लाल दिसतंय तोवर खुराड्यात सोडू नका. बाकीच्या टोचून टोचून पुन्हा भोक पाडतील. कातडी कोरडी झाली की आधी दिवसा जाळीआडून एकमेकींना दिसू द्या आणि मग एखाद्या संध्याकाळी, बाकीच्या डोळे मिटत असताना, हळूच आत ठेवा. तोवर खुराड्याच्या दाराला खिट्टी लावून घ्या, ते कुत्रं परत येणार आहे.