गावातल्या प्रौढांना शाश्वत विकास कसा शिकवावा? पाण्याच्या ताळेबंदापासून सुरुवात करावी

आपण विचारले आहे की, गावातील शेतकरी आणि बचत गटातील महिला यांना शाळा-महाविद्यालयाबाहेर शाश्वत विकासाचे शिक्षण द्यायचे असल्यास अभ्यासक्रम कोणता घ्यावा. मी दुष्काळी तालुक्यांत पाणलोटाचे काम करतो आणि प्रौढांचे असे वर्गही घेतो. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, छापील अभ्यासक्रम शोधण्यापेक्षा गावाच्या पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आले आणि किती खर्च झाले याचा हिशेब, हाच अभ्यासक्रम मानावा. ज्या निर्णयाची जबाबदारी आपल्यावर आहे त्यासाठी प्रौढ माणूस मनापासून शिकतो, आणि रब्बीत काय पेरायचे हा निर्णय त्याला दरवर्षी घ्यावाच लागतो.

आकडेमोड चौथी शिकलेल्यालाही जमते. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होते; म्हणजे 1,000 हेक्टरच्या शिवारात 400 मिलिमीटर पाऊस झाला, तर 400 कोटी लिटर पाणी पडले. हा आकडा फळ्यावर आला की पाणी भरपूर आहे असे वाटते. मग बाष्पीभवन, ओढ्याने वाहून गेलेले पाणी आणि खरिपाने घेतलेली ओल वजा करत गेले की, जमिनीत मुरलेला वाटा किती थोडा उरतो ते दिसते. दख्खनच्या काळ्या खडकात तो पावसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास धरला जातो. खर्चाच्या बाजूला, 1,000 लोकवस्तीच्या गावाला जल जीवन मिशन या केंद्राच्या नळपाणी योजनेच्या माणशी रोज 55 लिटर या निकषाने वर्षाला सुमारे 2 कोटी लिटर पाणी लागते. मोकाट पाण्यावर घेतलेल्या एका हेक्टर उसाची गरजही 2 कोटी लिटरच्या घरात जाते. हा गुणाकार वर्गातल्याच कोणाकडून तरी करून घ्यावा, कारण बाहेरच्याने सांगितलेला आकडा आरोपासारखा लागतो आणि त्यावर चर्चा होण्याऐवजी वाद होतो.

दुसरे काम विहिरी मोजण्याचे. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतील काही विहिरी निवडून टेपच्या टोकाला वजन बांधावे, पाण्याला टेकेपर्यंत ते सोडावे आणि आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करावी. मोटर आदल्या रात्रीपासून बंद हवी, नाहीतर उपशामुळे खाली गेलेली पातळीच खरी समजली जाते. शेजारच्याच्या बोअरने आपली विहीर उतरते का, हा प्रश्न पारावर वर्षानुवर्षे तंटा माजवतो. नोंदवहीत काही महिन्यांची मापे जमली की त्याच प्रश्नावर लोक शांतपणे बोलू लागतात. माझ्या दृष्टीने या शिक्षणाचे सर्वांत मोठे फळ हेच आहे.

ही पद्धत कसोटीला उतरलेली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गाव दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडते आणि त्यानुसार ग्रामसभा पिके ठरवते; सिंचनासाठी बोअर घेण्यावर आणि ऊस, केळी यांसारख्या पिकांवर तेथे निर्बंध आहेत. आंध्र प्रदेशात 2003 नंतर सात जिल्ह्यांत झालेला शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्प मला अधिक बोलका वाटतो. तेथे पीकबंदी नव्हती. शेतकरी, त्यांत महिलाही, स्वतः पाऊस आणि विहिरी मोजत, रब्बीपूर्वी एकत्र बसून ताळेबंद मांडत आणि पिकाचा निर्णय ज्याचा तो घेई. अशा शिक्षणामुळे अनेक भागांत जास्त पाण्याच्या पिकांखालचे क्षेत्र कमी झाले. नंतर केंद्राच्या अटल भूजल योजनेतही पाण्याचा ताळेबंद आला. मात्र जेथे तो सल्लागार संस्थेने कार्यालयात बसून भरला असेल, तेथे कागद तयार होतो, शिक्षण होत नाही.

वेळ फार सांभाळावी लागते. महिलांसाठी बैठक दुपारच्या कामातून सवड मिळते तेव्हा आणि त्यांच्याच वस्तीत घ्यावी. घरातील, जनावरांच्या आणि पिण्याच्या पाण्याचे नेमके आकडे त्यांच्याकडूनच मिळतात, आणि सायंकाळच्या सभेत त्या बोलत नाहीत. ताळेबंदाची मुख्य बैठक पाऊस ओसरल्यावर, रब्बीची पेरणी होण्याआधी व्हायला हवी. बियाणे घरात आल्यावर कोणी पीक बदलत नाही. त्या दिवशीचे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावेत आणि मे महिन्यात विहिरींची मापे पुन्हा घेऊन ती त्याच आकड्यांशेजारी लिहावीत. अंदाज कोठे चुकला याची त्या दिवशी होणारी चर्चा म्हणजे पुढच्या वर्षाचा पहिला पाठ.