तुमचा प्रश्न: मोजणी कुठं चुकते?

प्रश्न: आमच्या वडगावात रस्त्याच्या कडेला पोरं वही घेऊन गाड्या मोजूलेत. एवढ्यानं पुढच्या वीस वर्षांची ट्रॅफिक कशी कळणार हो?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: नुसत्या मोजणीनं नाही कळत, ते बरोबर बोललात. ट्रॅफिकचा अंदाज बांधायची जुनी पद्धत (तिलाच मॉडेल म्हणतात) चार पायऱ्यांची, म्हणजे किती फेऱ्या निघतात, कुठं जातात, कशानं जातात आणि कुठल्या रस्त्यानं, आणि यातली पहिली पायरी उभी राहते घरोघरच्या सर्व्हेवर आणि जनगणनेच्या आकड्यांवर, ते २०११चे असले तर पुढचं सगळं डळमळीतच की.

आपल्याकडची खरी गोम वेगळीच आहे. सर्व्हे शहरातल्या घरांचा, पण चंदगडकडचा माणूस सकाळी सीमेवरच्या शिनोळीवरून बेळगावात येतो, दवाखाना, बाजार उरकून संध्याकाळी परत, त्याचं घर महाराष्ट्रात, म्हणून तो कुठल्याच फॉर्मात नाही! रस्ता मात्र त्याचीपण दुचाकी वापरते. म्हणून शहराच्या वेशीवर गाड्या थांबवून 'कुठनं आलात, कुठं चाललात' विचारायला पाहिजे, आणि तेपण गणपतीच्या बाजाराच्या दिवसांत नको, नाहीतर गणपत गल्लीची गर्दी बघून कायमचाच फ्लायओव्हर सुचवतील.

दुसरं, आईची फेरी. पोराला शाळेत सोडून, भाजी घेऊन, मग उद्यमबागला कामावर, ही एक साखळी आहे, जुनं मॉडेल तिचे तीन सुटे तुकडे करतं. नव्या मॉडेलात माणसाचा अख्खा दिवस धरतात, त्याला डेटा जास्त लागतो, खर्चपण.

आणि हो, मॉडेल आधी आजची ट्रॅफिक बरोबर दाखवतंय का ते तपासायचं, वीस वर्षांनंतरचं मग बघू.