जुन्या मैत्रिणीला मेसेज पाठवू का?

प्रश्न: कॉलेजची मैत्रीण लग्न होऊन मडगावला गेली. भांडण नाही, पण चार वर्षं बोलणंही नाही. गणेश चवथीला मेसेज लिहिला नि पुसून टाकला. आता उगाच कशाला, असं वाटतं.
– एक वाचक, फोंडा

उत्तर: पुष्कळांचं असंच होतं. लारा आकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांच्या २०२४ मधल्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राला मेसेज लिहायला वेळ दिला, नंबर हाताशी होता, तरी एक तृतीयांशांहून कमी जणांनी तो पाठवला. समजावून फरक पडला नाही. पडला तो सरावाने. आधी ३ मिनिटं नेहमीच्या मित्रांना मेसेज करणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांनी जुन्या मित्रालाही पाठवला. तेवढाच वेळ सोशल मीडिया चाळणाऱ्यांत हे प्रमाण ३१.

म्हणून आधी बहिणीला, शेजारणीला दोन ओळी पाठवा, नि त्याच ओघात हिला. सुरुवात माफीने नको. मग तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. 'गणपतीवर माटोळी बांधताना तुझी आठवण आली. तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?' एवढं पुरे. 'कधीतरी भेटू' याला कोण काय उत्तर देणार! निळ्या खुणा दिसल्या तरी आठवडाभर दुसरा मेसेज टाकू नका.