पहिली क्रूझ आणि दोन लहान मुलं, केबिन कुठली घेऊ?

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्याचे. मुलगा ५ वर्षांचा, मुलगी दीड. दिवाळीनंतर मुंबईहून क्रूझला जायचंय, पहिल्यांदाच. हे म्हणतात बाल्कनीच हवी, मला धाकटीची धास्ती वाटते. काय करू?

उत्तर: अगं, तुझं बरोबर आहे. बाल्कनीचा कठडा उंच असतो पण तिथेच खुर्ची ठेवलेली असते आणि दीड वर्षाचं पोर खुर्ची ओढून वर चढायला किती वेळ घेतं, तूच सांग. मग सगळा वेळ तू दार धरूनच बसशील. आणि मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे १९९० सालचं जहाज, त्यावर बाल्कन्या मोजक्याच नि महाग. खिडकीवाली केबिन घ्या, मुलाला समुद्र दिसेल आणि पडदा ओढला की धाकटी दुपारी झोपेल. जागा जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर म्हणजे मजल्यावर बघा, तिथे डोलणं कमी लागतं. बुक करायच्या आधी डेकचा नकाशा उघडून वर काय आहे ते नक्की बघा, स्विमिंग पूल किंवा जेवणाचा हॉल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट डोक्यावर.

चौघांच्या केबिनमध्ये दोन बेड बहुतेक वेळा भिंतीतून खाली येणारे, शिडीचे असतात, तिथे ५ वर्षांच्याला झोपवू नका. बाळाचा कॉट आधीच मागून ठेवा. आणि डायपरवाल्या बाळांना बऱ्याच जहाजांवर पुलात सोडत नाहीत, ते विचारून घ्या. पहिल्या वेळेला दोन रात्रीच पुरे.