गाव सोडून पुण्यात सेटल झालेला माणूस गावचा राहते का?

राहते, पण येणंजाणं ठेवावं लागते. मी झाडीपट्टीतला, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा न तलावांचा पट्टा. पुण्यात विदर्भाचा आहो म्हटलं की लोकं थेट कापसावर येतात, पण कापूस मुख्य वऱ्हाडाकडं, आमच्याकडं मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले सिंचनाचे तलाव आहेत, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात पाणी साचवून धानाची रोवणी होते न ताटात भातच. हे समजावता समजावताच मी कुठला ते मला पक्कं कळलं, गावात असताना कोण विचारते!

खरी गाठ मात्र मंडईची, म्हणजे पुण्यातला भाजीबाजार नाही, आमच्याकडची गावजत्रा. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, गावागावाचा दिवस वेगळा म्हणून पाहुण्यांना एकमेकांकडं जाता येते, लग्न होऊन गेलेल्या पोरी येतात, कामाला बाहेर गेलेले पोट्टे येतात, दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ होते न रात्री नाटक, वडसा-देसाईगंजकडच्या मंडळ्यांचं, ते पहाटेपर्यंत चालते. तिथं म्हातारे विचारतात 'कोणाचा रे तू?', बापाचं नाव सांगितलं की बसायला जागा होते. तेव्हा भाऊ, सगळी सुट्टी लक्ष्मीपूजनापर्यंतच संपवू नको, मंडईसाठी राखून ठेव न लेकरांनाही सोबत ने, त्यांना कोणी 'कोणाचा रे' विचारलंच पाहिजे.