खासगी डिटेक्टिव्ह व्हायचंय? आधी कायद्याची बाराखडी

खासगी डिटेक्टिव्हच्या व्यवसायाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डिटेक्टिव्ह होण्यासाठी कोणता कोर्स करावा लागतो आणि परवाना कोण देतं? एका क्लासने तीन महिन्यांत ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ करून देतो असं सांगितलंय. – एक विद्यार्थी, सांगली

परवाना कोणीच देत नाही, कारण भारतात खासगी डिटेक्टिव्हसाठी स्वतंत्र कायदाच नाही. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, बरीच वर्षं पडून राहिलं आणि शेवटी मागे घेतलं गेलं. त्यामुळे ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ असं काही अस्तित्वातच नाही. त्या क्लासला पैसे भरू नका. क्लासमध्ये चार गोष्टी शिकायला मिळतीलही, पण जी संस्था पहिल्याच वाक्यात खोटं बोलते, ती तुम्हाला खरं शोधायला काय शिकवणार?

कोर्स सक्तीचा नाही म्हणजे शिक्षण नको, असं मात्र नाही. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलंत तर त्याचा या कामात सर्वांत जास्त उपयोग होईल. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्था आहेत, पण तिथले अभ्यासक्रम मुख्यतः विज्ञान शाखेच्या मुलांसाठी. तुमची वाणिज्य शाखा कमी समजू नका. ताळेबंद वाचता येणारा माणूस या व्यवसायात फार कमी सापडतो. कंपन्यांना नवा भागीदार पारखायचा असतो, पुरवठादार खरा आहे की कागदी हे तपासायचं असतं. हे काम टेबलावर बसूनच होतं.

आजपासूनच एक सराव सुरू करा. उघड नोंदी वाचायला शिका. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या कंपन्यांच्या नोंदी, ई-कोर्ट्सवरचे खटले, महाभूलेखवरचा सातबारा, नोंदणी विभागाचा इंडेक्स टू (मालमत्तेच्या दस्ताचा गोषवारा), महारेराची गृहप्रकल्पनोंद. एका माणसाबद्दल या पाच ठिकाणी काय मिळतं ते जुळवून पाहिलंत, तर गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल लावून आठवडाभर बसणाऱ्यापेक्षा तुमच्या हाती जास्त लागेल.

दुसरा सराव लिहिण्याचा. ‘संध्याकाळी तो घाबरलेला दिसला’ हे अहवालात चालत नाही. ‘१८.४० वाजता तो दुकानाबाहेर आला, दोनदा मागे वळून पाहिलं, रिक्षात बसला’ हे चालतं. डोळ्यांनी पाहिलेलं एकीकडे, ऐकलेलं दुसरीकडे आणि स्वतःचा अंदाज तिसरीकडे. ही शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो. म्हणून एखाद्या जुन्या एजन्सीत किंवा विम्याच्या दाव्यांची चौकशी करणाऱ्या फर्ममध्ये दोन वर्षं उमेदवारी कराच. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं झाली की तिच्यावर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. म्हणून त्या मुदतीतल्या मृत्युदाव्यांची चौकशी कसून होते. गावोगावी जाऊन रुग्णालयातले कागद, मृत्युदाखला आणि शेजाऱ्यांचे जबाब एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

पोलीस खात्यातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. एजन्सी काढायची आहे. सुरक्षा रक्षक संस्थांसाठी लागतो तो पसारा परवाना लागेल का? खात्यातल्या ओळखींचा उपयोग होईल, अशी आशा आहे. – नाशिक

‘पसारा’ म्हणजे २००५ चा खासगी सुरक्षा संस्था कायदा. तो माणसं आणि मालमत्ता यांची राखण करणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ चौकशीचं काम करणार असाल तर तो परवाना लागत नाही. सोबत गार्ड पुरवणार असाल तर लागतो. बाकी कोणत्याही धंद्याला लागतं तेच: दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, पॅन, चालू खातं आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटी.

आता ओळखींबद्दल. साहेब, तुमची खरी पुंजी वेगळी आहे. पंचनामा कसा करायचा, साक्षीदार कधी बोलतो, माणूस कुठे लपवतो, हे तुम्हाला कळतं. जुन्या सहकाऱ्याकडून कुणाचं रेकॉर्ड काढून घेणं ही पुंजी नव्हे. त्यासाठी पैसे दिलेत तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुमच्यासाठी माहिती काढणाऱ्या त्या हवालदाराची नोकरी जाईल ती वेगळीच. तसंच दारात उभं राहून ‘पोलीस स्टेशनमधून आलोय’ हे वाक्य आता तोंडातून जाता कामा नये. लोकसेवक असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. तीस वर्षांची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘निवृत्त’ हा शब्द ठळक छापा आणि खात्याचं चिन्ह वापरू नका.

पुण्यात एका एजन्सीत कामाला आहे. मालक सीडीआर ‘मागवायला’ आणि गाडीखाली जीपीएस लावायला सांगतात. ‘सगळेच करतात’ म्हणतात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

तुम्ही दोघंही. मालकाने सांगितलं म्हणून केलं, हा बचाव फौजदारी न्यायालयात टिकत नाही.

सीडीआर म्हणजे कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि तेव्हा तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता, याची नोंद. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम ४२ जून २०२४ पासून लागू आहे. दूरसंचार कंपनीकडच्या विदेपर्यंत (डेटापर्यंत) अनधिकृतपणे पोहोचणं किंवा नुसता तसा प्रयत्न करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या विदेत सीडीआर येतो हे कलमातच स्पष्ट केलंय. या व्यवसायातली माणसं नेमकी इथेच अडकत आली आहेत. २०१३ मध्ये राज्यसभेतल्या तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्यांचा सीडीआर काढल्याच्या प्रकरणात दिल्ली पोलिसांनी खासगी डिटेक्टिव्हांना पकडलं. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीची साखळी उघड केली, त्यातही अटक झालेल्यांत डिटेक्टिव्ह होते.

वाईट याचं वाटतं की बऱ्याच वेळा याची गरजच नसते. अशिलाचा खटला चालू असेल तर त्याचा वकील न्यायालयाकडे अर्ज करून कंपनीकडून नोंदी मागवू शकतो. घटस्फोटाच्या एका प्रकरणात पतीच्या हॉटेलमधल्या मुक्कामाच्या आणि फोनच्या नोंदी मागवण्याचा कुटुंब न्यायालयाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवला. डिटेक्टिव्हने वकिलाला एवढंच सांगायचं, की कोणत्या तारखेच्या, कोणत्या हॉटेलच्या नोंदी मागा. ते शोधणं हे आपलं काम. नोंद काढणं हे न्यायालयाचं.

जीपीएसवर त्या नावाचं वेगळं कलम नाही, पण दुसऱ्याच्या सोसायटीत शिरून दुसऱ्याच्या गाडीला यंत्र लावलंत तर अतिक्रमणाचा गुन्हा दारातच उभा आहे. गाडी अशिलाच्याच नावावर असेल तर बाजू थोडी बरी, तरी वकिलाच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावू नका. फोनमध्ये ‘स्पाय ॲप’ टाकणं तर मुळीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागतात. शिवाय पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट वा ई-मेलच्या वापरावर नजर ठेवणं हे न्याय संहितेच्या कलम ७८ खाली थेट ‘पाठलाग’ या गुन्ह्यात मोडतं. त्या कलमातली गुन्हे शोधण्याची सूट सरकारने ती जबाबदारी सोपवलेल्यांना आहे. आपल्याला ती कोणी सोपवलेली नाही.

मालकाला हे शांतपणे, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी सांगा. ऐकलं नाही तर नोकरी सोडा. पुण्यात दुसरी मिळेल.

मी वकिलीच्या पहिल्या वर्षात आहे आणि डिटेक्टिव्हसोबत काम करते. फोटो आणि व्हिडिओ कुटुंब न्यायालयात कसे टिकतात? – छत्रपती संभाजीनगर

तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलाच निकाल आधी वाचा. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेला खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला. उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाहीत, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण हा पुरावा होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर ती कशी तयार झाली याचं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं आणि त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ते सिद्ध केलं, तर गरज नाही.

जुन्या पुरावा कायद्याऐवजी आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा आकड्या-अक्षरांचा ठसा, नोंदवायची असते. म्हणून डिटेक्टिव्हला पहिल्या दिवशीच बजावा: ज्या कॅमेऱ्याने चित्रण केलं त्याचं कार्ड पुसायचं नाही, त्याच संध्याकाळी हॅश काढायची, आणि फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची नाही, कारण तिथे ती आकुंचन पावते आणि हॅश बदलते.

कुटुंब न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ ने सैलपणा दिलाय. वाद मिटवायला उपयोगी पडेल असा कागद पुराव्याच्या नियमांत बसत नसला तरी न्यायालय तो पाहू शकतं. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीने चोरून केलेलं पत्नीशी झालेल्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात ग्राह्य धरलं. काही एजन्सींनी यावरून घरात रेकॉर्डर लपवण्याची जाहिरात सुरू केलेली दिसते, ती चुकीची आहे. तो निकाल पती-पत्नींच्या आपसातल्या संभाषणाचा आहे, तिऱ्हाइताने बेडरूममध्ये यंत्र ठेवण्याचा नाही. बेकायदा मिळालेला पुरावा केवळ तेवढ्यासाठी बाद होत नाही, हे १९७२ मध्ये मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) लाचखटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच होतं. पुरावा चालला म्हणून तो मिळवताना केलेला गुन्हा माफ होत नाही. अशील खटला जिंकेल आणि डिटेक्टिव्ह आरोपी होईल, असंही घडू शकतं.

आणि डिटेक्टिव्हला साक्षीची तयारी करायला लावा. उलटतपासणीत पहिला प्रश्न पैशांचाच येतो. किती घेतले ते सरळ सांगावं, पावती दाखवावी.

लग्नासाठी आलेल्या स्थळांची चौकशी करण्याचं काम घरून सुरू करायचंय. बदनामीचा खटला होईल का? – डोंबिवली

शेजारी, वाणी, जुने सहकारी यांच्याकडे विचारपूस करणं गुन्हा नाही. आपल्याकडे आत्या-मामा हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. बँकेची स्टेटमेंट, सिबिल, रुग्णालयाचे कागद, आधार यांना हात लावायचा नाही, कोणी ‘मिळवून देतो’ म्हटलं तरी. अहवाल फक्त अशिलाच्या हाती द्या आणि ज्याला आधार नाही ते लिहू नका. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं हित जपण्यासाठी सद्भावनेने केलेलं विधान न्याय संहितेतल्या बदनामीच्या कलम ३५६ ला अपवाद आहे, पण सद्भावना म्हणजे नीट खातरजमा केलेली असली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. काम संपलं की फायली नष्ट करण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे हा व्यवसाय करता येईल का?

येईल, पण तिथे परवाना सक्तीचा आहे. पगारी चौकशीकामाचा तीन वर्षांचा, म्हणजे सहा हजार तासांचा अनुभव, पार्श्वभूमीची तपासणी आणि लेखी परीक्षा. कायद्याची किंवा पोलीस विज्ञानाची पदवी असेल तर चार हजार तास पुरतात. भारतातली एजन्सी तुमच्या नावाने तिथे काम करू शकणार नाही.

नुकतीच एजन्सी काढली. एका वडिलांनी ‘मुलगी घरातून गेली, शोधून द्या’ म्हणून मोठी रक्कम आगाऊ देऊ केली. मुलगी २२ वर्षांची आहे, आंतरजातीय लग्न केलं असावं. घेऊ का काम? – सोलापूर

त्यांना पत्ता देऊ नका. वडील रडत असतील, ते रडणं खरंही असेल, तरीही नाही. ती सज्ञान आहे. कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. सज्ञान जोडप्याने लग्न करायला घराण्याची वा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी या स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेत स्पष्ट सांगितलं आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी पोलिसांना निर्देश दिले. आपल्या राज्यातही अशा लग्नांनंतर घरच्यांनीच जीव घेतल्याच्या घटना आहेत. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर उद्या कोण पोहोचेल हे तुमच्या हातात नसतं.

वडिलांना खरोखर काळजी असेल तर पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ नोंदवायला सांगा. पोलीस मुलीला शोधतील, तिचा जबाब घेतील, ती सुखरूप आहे एवढं वडिलांना कळेल. ती घातपातात सापडल्याचा संशय असेल तर तेही तिथेच सांगायला हवं. तुम्हाला काम घ्यायचंच असेल तर एकाच अटीवर: मुलगी सापडली तर वडिलांचा निरोप आणि फोन नंबर तुम्ही तिला द्याल. तिने स्वतःहून परवानगी दिली तरच तिचा ठावठिकाणा वडिलांना सांगाल, एरवी ‘भेट झाली, ती बरी आहे’ इतकंच. ही अट करारपत्रात लिहा, वडिलांची सही घ्या, त्यांचं ओळखपत्र जोडा, आणि सही होईपर्यंत आगाऊ रकमेतला एक रुपयाही खात्यात घेऊ नका.