विंडोज ११ मध्ये बोटाच्या ठशाने लॉगिन कसं लावायचं?

सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, तिथे फिंगरप्रिंट रेकग्निशन. हा पर्याय चालत नसेल तर बहुधा लॅपटॉपला सेन्सरच नाही (असला तर बऱ्याचदा पॉवर बटणातच असतो). मग विंडोज हॅलोला (विंडोजची ठसा-चेहरा ओळखून लॉगिन करायची सोय) चालणारा यूएसबी रीडर घ्या. आधी पिन लावावाच लागतो. ठसा चुकला की तोच कामी येतो, विसरू नका. नोंदवताना बोट टेकवा-उचला, बोटाच्या कडाही टेकवा.

आमच्या रावेरकडे केळीच्या कापणीत चिकाने बोटं काळी, खरखरीत होतात. माझा उजवा अंगठा त्या दिवसांत हमखास नापास! म्हणून त्याच सेटिंगमध्ये डाव्या हाताची करंगळीही नोंदवलीय. तिला चीक कमी लागतो. आणि हो, बोट ओलं असलं तरी सेन्सर रुसतो, आधी पुसा.